मामाच्या घरी राहणाऱ्या लेकराला एकट्यानं कोण भेटतं?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

मायबापांचा आधार नसलेल्या मुलांसाठी असलेल्या बालसंगोपन योजनेची महिन्याची रक्कम अकराशे रुपयांवरून २,२५० रुपये झाली तेव्हा बातम्या आल्या. हप्ते थकले की त्याच्याही येतात, आणि यायलाच पाहिजेत. पण ज्या घरासाठी ते पैसे जातात त्या घरात लेकरू रात्री कुठं झोपतं, सगळे वावरात गेल्यावर कोणाच्या भरवशावर राहतं, आणि घरातल्याच कोणी त्याच्या अंगाला हात लावला तर ते कोणाला सांगेल, याबद्दल आपल्याकडं फारसं छापून येत नाही. आम्ही बालसंरक्षणाच्या कामातली माणसं आहोत. पत्र लांबलं आहे, तरी शक्यतो न कापता छापावं.

‘फॉस्टर केअर’ म्हटलं की शहरातल्या वाचकाला अनोळखी जोडप्यानं मूल सांभाळायला घेतल्याचं चित्र दिसतं. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४४ खाली, बाल कल्याण समितीच्या (काळजीची गरज असलेल्या मुलांबद्दल निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) आदेशानं मूल दिलेली अशी प्रतिपालक कुटुंबं आपल्या जिल्ह्यांत थोडी आहेत. दुसऱ्याच्या घरी वाढणारी मुलं मात्र गावोगाव आहेत. बापानं फास घेतला किंवा फवारणीचं औषध पिलं, आईनं दुसरं घर केलं, लेकरू आजीकडं आलं. मायबाप मिरची तोडायला तेलंगणात गेले, पोरगी काकाकडं राहिली. कोणी वीटभट्टीवर गेलं, कोणी कारागृहात आहे, कोणी कोविडमध्ये गेलं. यातल्या काहींना बालसंगोपनाचं अनुदान मिळतं, काहींना केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेचे महिन्याला ४,००० रुपये. बहुतेकांचा कुठंच कागद नाही. ‘आपलंच पोर हाये, त्याले कागद कायले पाह्यजे?’ असं म्हणतात आणि ते मायेनंच म्हणतात. पण कागद नाही म्हणजे ते मूल कुठं आहे हे सरकारच्या कुठल्याच माणसाला ठाऊक नसतं. समितीनं दिलेली, अनुदान मिळणारी आणि कागद नसलेली, या तिन्ही प्रकारच्या मुलांबद्दल आम्ही लिहीत आहोत, कारण त्रास देणारा यातला फरक बघत नाही. जिच्या मागं विचारणारं कोणी नाही, अशी मुलगी किंवा असा मुलगा तो हेरतो.

बहुतेक मामा, काका, आजी आपल्या ताटातला घास काढून ही लेकरं वाढवतात, हेही इथंच सांगितलं पाहिजे. त्रास देणारा दरवेळी घराचा कर्ता पुरुष नसतो. तो घरातला मोठा मुलगा असतो, सुटीत येणारा जावई असतो, शेजारी असतो, शिकवणीवाला असतो, कधी बाईही असते. आणि मूल मुलगाही असू शकतो. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, १८ वर्षांखालच्या मुलामुलींत भेद करत नाही. गावात मात्र पोराच्या बाबतीत हसण्यावारी नेतात, म्हणून पोरं आणखी गप्प राहतात.

आता पाहणीबद्दल. कलम ४४ सांगतं की बाल कल्याण समितीनं प्रतिपालक कुटुंबाची पाहणी दर महिन्याला करावी, आणि काळजी नीट घेतली जात नसेल तर मूल तिथून हलवावं. समितीत अध्यक्ष धरून पाच जण आणि हद्द अख्ख्या जिल्ह्याची. सिरोंचाहून गडचिरोली दोनशे किलोमीटरहून जास्त आहे. धारणीहून घाट ओलांडून अमरावतीला जायचं तर दिवस मोडतो. त्यामुळं दरमहा पाहणी होते असं म्हणणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक आहे. होते तेव्हाही आदल्या दिवशी फोन जातो, चहा होतो, लेकराला सगळ्यांसमोर उभं करून ‘बरं हाये ना बेटा?’ विचारतात, ते मान हलवतं, नमुन्यावर सही होते. त्या मान हलवण्याला काही अर्थ नाही. ज्याच्या घरी रात्री परत झोपायचं आहे त्याच्यासमोर कुठलं लेकरू बोलेल?

भेट कामाची व्हायची असेल तर मूल एकटं भेटलं पाहिजे. जागा अशी हवी की लोकांना दोघं दिसतील, पण बोलणं ऐकू जाणार नाही. आंगणातलं झाड चालेल, शाळेचा व्हरांडा तर सर्वांत बरा. निदान वीस मिनिटं द्या आणि पहिली दहा अभ्यास, खेळ, दोस्त यांतच जाऊ द्या. मग साधे प्रश्न विचारा. रात्री कोणाजवळ झोपतेस? घरी पाहुणे आले की कुठं झोपतेस? सगळे वेचणीला गेले की घरी कोण असतं? या घरातलं तुला काय आवडत नाही? कोणी काही लपवून ठेवायला सांगितलंय का? तुला कशाची भीती वाटली तर कोणाला सांगशील? या शेवटच्या प्रश्नाला मुलाकडं नाव नसेल, तर अशी दोन मोठी माणसं शोधून देणं हेच त्या भेटीचं काम समजा, आणि त्यातलं एक तरी त्या घराबाहेरचं असू द्या. ‘मामा चांगले आहेत ना?’ हा प्रश्न विचारूच नये. त्याचं उत्तर ठरलेलं असतं.

डोळ्यांनीही पाहावं. न्हाणीला दार आहे की नुसती पोत्याची आड? रात्री बाहेर जायचं तर सोबत कोण जातं? एका खोलीच्या घरात वेगळी खोली मागण्यात अर्थ नाही, पण अंथरूण वेगळं असू शकतं आणि ते आजीजवळ किंवा घरातल्या बाईजवळ असू शकतं. उन्हाळ्यात सगळे आंगणात झोपतात तेव्हा कोण कुठं झोपतं? घरात दारू आहे का? (वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे म्हणून हा प्रश्न गाळू नये.) शाळेचा हजेरीपट वेगळा पाहावा. दर सोमवारी किंवा बाजाराच्या दिवशी गैरहजेरी पडत असेल तर त्या दिवशी घरी काय असतं ते विचारावं.

हंगामाचं भान ठेवलं तर धोका कधी वाढतो हे बरंच आधी कळतं. सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीत घरची मोठी माणसं सकाळपासून अंधार पडेपर्यंत वावरात असतात. पूर्व विदर्भात मोहफूल आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत तर पहाटेच जंगलात जातात. मूल घरी, आणि घरी राहणारा एखादा रिकामा पुरुष. उन्हाळ्याच्या सुट्यांत आश्रमशाळा आणि वसतिगृहं बंद होतात, तिथली मुलं नातेवाइकांकडं पांगतात, आणि आपल्याकडं विदर्भात उन्हामुळं शाळा बाकी महाराष्ट्रानंतर उघडतात. सुटीनंतर जे मूल बदललेलं दिसतं, किंवा सुटी लागायच्या आठवड्यात ‘मले घरी नाही जायाचं’ म्हणून रडतं, त्याच्याशी शिक्षकांनी आणि अधीक्षकांनी त्याच आठवड्यात बोललं पाहिजे.

खुणा ओळखण्यात या मुलांच्या बाबतीत एक खास घोटाळा होतो. मूल अंथरुणात पुन्हा मुतायला लागलं, दचकून उठायला लागलं, जेवेनासं झालं, चिडायला लागलं, अभ्यासात मागं पडलं, की सगळे म्हणतात, मायबापाची आठवण येते. येतेच. दुःखानं हे सगळं होतं. म्हणून एकेक खूण घेऊन बसू नये; कधी सुरू झालं आणि कोणाच्या आसपास वाढतं ते पाहावं. बाप जाऊन दोन वर्षं झाली, मूल सावरलं होतं, आणि आता अचानक दिवाळीनंतर हे सुरू झालं, तर ते दुःख दोन वर्षांपूर्वीचं नाही. एका ठरावीक माणसाची गाडी दारात थांबली की मूल शेजारी पळतं, त्याच्यासोबत दुकानात जायला नाही म्हणतं, उकाड्यातही दोन-दोन कपडे घालून झोपतं, केस स्वतःच कापून टाकतं, हातावर ब्लेड मारून घेतं, घरून पळून जातं, अशा गोष्टी दुःखानं क्वचितच एकत्र येतात. कोणी विकत दिलं ते सांगता येत नाही असा मोबाईल किंवा पैसे आले, वयाला न शोभणारं लैंगिक बोलणं किंवा लहान भावंडांशी तसे खेळ दिसू लागले, तर ‘वाया गेलं’ म्हणून मारू नये. ते बहुधा कुठून तरी शिकलेलं असतं. लघवीला जळजळ, पुन्हापुन्हा संसर्ग, बसताना दुखणं, आतल्या कपड्यावर रक्त किंवा स्राव, मांड्यांवर वळ, पाळी चुकणं, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना. नुसती पोटदुखी वारंवार असेल तरी आशाताईंनी जंताची गोळी देऊन थांबू नये. काही मुलांत यातलं काहीच दिसत नाही, उलट ती फार शहाणी, फार आज्ञाधारक होतात, आणि ‘पोर सुधारलं’ म्हणून घर खूश असतं.

हे प्रकार एका दिवसात होत नाहीत. आधी लाड, खाऊ, गाडीवर फिरवणं. मग घरच्यांचा विश्वास (‘मी पाहतो याले, तुम्ही जा वावरात’). मग गुदगुल्या आणि मस्तीच्या नावाखाली हात. मग ‘कोणाले सांगू नोको’. पुढचं वाक्य या मुलांसाठी खास असतं: ‘सांगशील तर तुले बालगृहात टाकतील, लहान भावाले दुसरीकडं नेतील, आजी मरून जाईल.’ मायबाप गमावलेलं मूल ही धमकी खरी मानतं, कारण एकदा त्याचं घर तुटलेलं त्यानं पाहिलं आहे. सांगायला महिने, वर्षं का लागतात, याचं बरंचसं उत्तर इथं आहे. उशिरा सांगितलं म्हणून खोटं, हा तर्क पोलीस ठाण्यात आणि चावडीवर दोन्हीकडं ऐकू येतो. तो चुकीचा आहे.

मूल बहुधा सरळ सांगत नाही. ‘काका मले तरास देते’, ‘मले थ्या घरी नाही राहाचं’, ‘माह्या मैत्रिणीसंग असं झालं’ असं आडून येतं, आणि प्रतिक्रिया बघून पुढं बोलायचं की नाही ते ठरवतं. तेव्हा हातातलं काम ठेवा. ओरडू नका, रडू नका, ‘तू तेव्हाच का नाही सांगितलं?’ विचारू नका. ‘मग काय झालं?’, ‘अजून काही सांगायचंय?’ एवढंच विचारा. ‘त्यानं इथं हात लावला का?’ असे प्रश्न आपण विचारले की पुढं कोर्टात बचावाचा वकील म्हणतो, यांनीच शिकवलं. सगळा तपशील काढणं आपलं काम नाही. कोण, साधारण कधी, आणि आज रात्री मूल सुरक्षित आहे का, एवढं कळलं की पुरे. ‘मी कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते मोडावंच लागेल. असं सांगा: ‘तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही. हे थांबवायला मला दोन-तीन माणसांना सांगावं लागेल, आणि कोणाला सांगतेय ते तुला आधी सांगीन.’ मग एकटं बसून तारीख, वेळ, जागा आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून काढा. वऱ्हाडीत, गोंडीत, कोरकूत, कोलामीत जे म्हटलं तेच लिहा. मुलानं अवयवाला जो शब्द वापरला तोही बदलू नका. शुद्ध मराठी केलेला जबाब कोर्टात मुलाच्या तोंडी बसत नाही. मुलाची भाषा येत नसेल तर पोलिसांनी दुभाषा द्यायचा आहे, पोक्सोत तशी तरतूद आहे. आणि मुलाला तीच गोष्ट मुख्याध्यापक, सरपंच, आत्या अशा पाच जणांसमोर पुन्हा सांगायला लावू नका.

ज्याच्यावर संशय आहे त्याला जाब विचारायला जाऊ नका. गावात ही चूक सर्वांत जास्त होते, आणि चांगल्या मनानं होते. त्याला चाहूल लागली की त्याच रात्री कपडे धुतले जातात, मोबाईल फोडला जातो, मुलाला दम दिला जातो किंवा दूरच्या गावी पाठवलं जातं.

कळवायचं कुठं? पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना. हे बंधन शिक्षक, डॉक्टर, अंगणवाडी सेविका, शेजारी, सर्वांवर आहे, आणि त्यासाठी पुरावा लागत नाही, गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडू शकेल अशी आशंका आली तरी पुरते. मुलांसाठीच्या १०९८ वर फोन जरूर करा. २०२३ पासून ही हेल्पलाइन सरकार चालवतं आणि ती ११२ या आपत्कालीन क्रमांकाला जोडलेली आहे. तिथून माणूस येतो, मुलाला आधार मिळतो. पण १०९८ ला किंवा समितीला कळवलं म्हणजे आपलं काम संपलं असं समजू नका. पोलिसांकडं नोंद झाली का ते पाहा. तोंडी सांगितलं तरी त्यांनी लिहून घ्यायचं, नोंद क्रमांक द्यायचा आणि वाचून दाखवायचं असतं. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतली म्हणून परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकानं गुन्हा दाखल होतो. ठाण्यात घेतलंच नाही तर लेखी अर्ज पोलीस अधीक्षकांना. माहिती दडवली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही. हे कागदावरचंच आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्याच राजुऱ्याचं प्रकरण आठवावं: वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर माहिती न दिल्याचा गुन्हा नागपूर खंडपीठानं रद्द केला होता, तो निकाल सर्वोच्च न्यायालयानं २ नोव्हेंबर २०२२ रोजी फिरवला. कपड्यावरून केलेला स्पर्श पोक्सोखाली लैंगिक हल्ला होत नाही, हा २०२१ च्या जानेवारीतला खंडपीठाचा निकालही त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला रद्द झाला आहे. अजूनही ठाण्यात कोणी तो सांगतं म्हणून लिहितो.

दवाखान्याला उशीर नको. शेवटची घटना ७२ तासांच्या आतली असेल तर प्रत्येक तासाला किंमत आहे. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांतच सुरू करावी लागतात, गर्भधारणा टाळण्याची गोळी जितकी लवकर तितकी उपयोगी, आणि पुराव्याचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत मिळू शकतात. तोवर आंघोळ घालू नये, कपडे धुऊ नयेत. कपडे बदललेच तर ओले असल्यास सावलीत वाळवून प्रत्येक कपडा वेगळ्या कोऱ्या कागदी पाकिटात ठेवावा. पन्नीत ठेवले की दमटपणानं बुरशी येते आणि तपासणीला काही उरत नाही. आंघोळ झाली असेल, महिने उलटले असतील, तरीही जायचंच. उपचारांना मुदत नाही. गुन्हा दाखल नसला तरी तपासणी आणि मोफत उपचार द्यावेच लागतात, ‘आधी पोलिसांचं पत्र आणा’ म्हणता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनंच करायची आहे आणि ग्रामीण रुग्णालयात ती दरवेळी नसते. म्हणून निघण्याआधी फोन करून विचारा. नसेल तर आधी एका दवाखान्यात आणि मग दुसऱ्या असं दोनदा न फिरवता १०८ नं सरळ जिल्हा रुग्णालय गाठा. मुलाच्या विश्वासाचं माणूस आत सोबत राहू शकतं. दोन बोटांची चाचणी बेकायदा आहे, कोणी करू लागलं तर थांबवा. तपासणीत जखम सापडली नाही याचा अर्थ काही घडलं नाही असा होत नाही. लैंगिक अत्याचार झालेल्या बहुतेक मुलांच्या तपासणीत काहीच दिसत नाही, कारण बराचसा त्रास जखम न करणारा असतो आणि ती जागा लवकर भरून येते. ‘रिपोर्ट नॉर्मल आला’ म्हणून घरी पाठवणारे डॉक्टर आणि तेच ऐकून तपास थंड करणारे अंमलदार, दोघांनी हे ध्यानात ठेवावं. दिवस गेले असतील तर गर्भपाताला २४ आठवड्यांची मर्यादा आहे, त्यापुढं उच्च न्यायालयात जावं लागतं. लाजेपोटी दोन महिने गमावलेल्या मुलीपुढचे रस्ते कमी होत जातात.

जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हवं तिथं घ्यायचा असतो, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं आणि साध्या कपड्यांत. पण घरच आरोपीचं असेल तर ‘घरी’ जबाब घेणं म्हणजे मुलाला अडकवणं. अंगणवाडी, शाळा किंवा सखी वन स्टॉप सेंटर (अत्याचारग्रस्त महिला-मुलींचं मदत केंद्र) सांगा. पोलिसांनी २४ तासांत समितीला कळवायचं असतं, आणि आरोपी त्याच घरात राहणारा असेल तर मुलाला २४ तासांत समितीपुढं आणायचं असतं. समितीनं तीन दिवसांत ठरवायचं की मूल तिथून काढायचं का.

इथं आमचं एक ठाम मत आहे. दरवेळी मूलच उचलून जिल्ह्याच्या बालगृहात नेणं सोपं पडतं म्हणून केलं जातं. त्यानं त्या लेकराची आजी जाते, शाळा जाते, भावंडं जातात, आणि ‘सांगशील तर बालगृहात टाकतील’ ही धमकी आपणच खरी करतो. आधी पाहावं की आरोपी घराबाहेर जाऊ शकतो का. अटक झाली, आजी ठाम आहे, शेजार चांगला आहे, तर मूल तिथं राहू शकतं. आजी त्या आरोपीच्याच कमाईवर जगते आणि ‘माह्या लेकाले फसवलं’ म्हणते, तर ते घर त्या मुलाचं उरलं नाही. मग दुसरं नातलग घर, दुसरं प्रतिपालक कुटुंब, आणि शेवटी बालगृह. भावंडं एकत्र. आणि ज्या घरातून एक मूल काढलं तिथं दुसरं सांभाळायला आहे का, हे त्याच दिवशी पाहायचं.

गावात मिटवण्याचा दबाव येतो तो नुसत्या अब्रूपायी येत नाही. पोक्सोत नातेवाइकानं, प्रतिपालकानं किंवा एकाच घरात राहणाऱ्यानं केलेला अत्याचार गंभीर धरला आहे, कलमात ‘फॉस्टर केअर’चा उल्लेखही आहे. बलात्काराच्या स्वरूपाच्या गुन्ह्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २० वर्षं, पुढं जन्मठेप किंवा फाशीही. घरचा कमावता वीस वर्षांसाठी जाणार हे कळलं की साक्षीदार फिरतात, मुलीचं लग्न उरकण्याच्या गोष्टी सुरू होतात, जात पंचायत पन्नास हजारांत मिटवायला बसते. हा गुन्हा आपसात मिटवता येत नाही, आणि बैठकीला बसलेला सरपंच किंवा पोलीस पाटील स्वतः माहिती दडवण्याच्या कलम २१ खाली येतो. यावर उपाय म्हणजे मुलाचा जबाब दंडाधिकाऱ्यांपुढं लवकर व्हावा, आणि घराची चूल बंद पडू नये. समिती तातडीच्या खर्चासाठी पैशांची शिफारस करू शकते आणि ते आठवड्यात मिळायचे असतात. विशेष न्यायालय अंतरिम भरपाई देऊ शकतं. अत्याचारग्रस्तांना मदत देणाऱ्या राज्याच्या मनोधैर्य योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जातो. हे कोणी आपणहून सांगत नाही, मागावं लागतं. समितीकडून सहाय्यक व्यक्तीही मागा. तपास कुठं आला, जामिनाची तारीख कधी, हे कळवणं तिचं काम आहे. जामिनावर सुटलेला आरोपी पोळ्याला दारात उभा दिसेपर्यंत घराला पत्ता नसतो, असं व्हायला नको. साक्षीच्या दिवशी सकाळच्या एसटीनं जाऊन आरोपीच्याच बाकावर बसायची वेळ येऊ नये, म्हणून वाहन आणि वेगळी बसायची जागा आधी सांगून ठेवावी लागते. मुलाला आरोपी दिसू नये, उलटतपासणीचे प्रश्न न्यायाधीशांमार्फत यावेत, मधे थांबता यावं, हे कायद्यात आहे.

आता थोडं आपल्या वर्तमानपत्राबद्दल. नाव छापलं नाही म्हणजे ओळख लपली, असं खेड्यात होत नाही. ‘अमुक तालुक्यातील मामाकडे राहणारी सातवीतील मुलगी’ एवढं लिहिलं की दोन हजार वस्तीच्या गावात दुसरी कोणी उरत नाही. आरोपी नातेवाईक असेल तर त्याचं नाव छापणं म्हणजे मुलाचंच नाव छापणं. घराचा, शाळेचा फोटो धूसर करूनही छापू नये. पोक्सोच्या कलम २३ प्रमाणे याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे, आणि प्रकाशकही जबाबदार धरला जातो. तालुक्याच्या वार्ताहरापर्यंत हे पोचलेलं दिसत नाही.

गावपातळीवर एक गोष्ट लगेच होण्यासारखी आहे. ग्राम बाल संरक्षण समिती कागदावर बहुतेक गावांत आहे, सरपंच अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सचिव. या समितीनं आपल्या गावात मायबापांशिवाय राहणाऱ्या मुलांची यादी करावी, कागद असलेली आणि नसलेली दोन्ही, आणि ती ग्रामसभेत न वाचता जिल्हा बाल संरक्षण कक्षाला बंद पाकिटात द्यावी. पहिली यादी जूनअखेर शाळा उघडताना, दुसरी वेचणी आणि स्थलांतर सुरू झाल्यावर, कारण दिवाळीपर्यंत मुलं घरं बदलतात. यादीतल्या प्रत्येक मुलापुढं त्या घराबाहेरच्या एका बाईचं नाव असावं: आशा, सेविका, शिक्षिका, बचत गटातली कोणी. तिनं महिन्यातून एकदा त्या मुलाला एकट्यानं भेटायचं. ती त्या घराच्या नात्यातली किंवा उपकारातली नसावी. सरपंचच आरोपीचा भाऊ निघाला तर कोणाला फोन करायचा हे तिला आधीच माहीत असावं. बाल कल्याण समितीची पाहणी यानं टळत नाही, पण दोन पाहण्यांच्या मधले महिने रिकामे राहणार नाहीत. या बायकांना भेटीमागं प्रवासखर्च आणि थोडं मानधन जिल्हा परिषदेनं द्यावं. फुकटात हे काम आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर होऊन बसेल आणि मग भेटी घरबसल्या भरल्या जातील.

आपल्याला जमलं तर आठवड्यातून एकदा जिल्हा पानावर ११२, १०९८ आणि मोफत कायदेशीर मदतीचा १५१०० हे तीन क्रमांक चौकटीत, मोठ्या अक्षरांत छापावेत. वाचता येणारी मुलंही पेपर चाळतात.

आपले,
बालसंरक्षणाच्या कामातील काही कार्यकर्ते
यवतमाळ व वर्धा जिल्हा